धुरकट वासरं

गाईवाल्या काकांचा फोन आला तेव्हा मी मॉरिसव्हिलच्या एका इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये, एका हातात मेथीच्या जुड्या आणि दुसऱ्या हातात किल्ली घेऊन, गाडी कुठे लावली ते शोधत होते. जूनचं ऊन मी म्हणत होतं. काका फोनवर कधी नमनाला घडाभर तेल घालत नाहीत. म्हणाले, "डॉक, पांढरा वळू कालवडींत घुसलाय."

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. "कधी?"

"ते कोणाला माहीत? मी हॉस्पिटलात होतो ना. आज घरी आलो, कुरणात चक्कर मारली, तर हा तिथं उभा. जन्मापासून तिथंच राहत असल्यासारखा."

मी गाडीत बसले, एसी लावला, आणि तरी मला घाम फुटला. काका पुढे सांगत होते. वादळात ओकचं एक जुनं झाड कुंपणावर आडवं पडलं होतं, दोन्ही कुंपणं एकदम झोपली होती. काकू त्यांच्याबरोबर हॉस्पिटलात. शेजारी रोज येऊन पाणी बघून जायचा, पण त्या कोपऱ्यापर्यंत कोणी गेलंच नव्हतं. काळा वळू एका पायानं लंगडत बाजूला उभा होता. म्हणजे दोघांची झुंज झाली होती आणि कोण जिंकलं ते उघड होतं.

"आता काय होईल?" काकांनी विचारलं.

मला उत्तर माहीत होतं. 

हे काका आमचे कोणी नातेवाईक नव्हेत, मराठीही नव्हेत; इथलेच अमेरिकन. मॉरिसव्हिलपासून पश्चिमेला, जिथे सपाटी संपून डोंगर सुरू होतात, तिथे त्यांची जमीन आहे आणि तिच्यावर काळ्या अँगस गाईंचा कळप. गाई दुधाच्या नाहीत, मांसाच्या. वासरं वर्षभराच्या आत विकायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. घरी मी नवऱ्याशी बोलताना त्यांना गाईवाले काका म्हणू लागले आणि त्यांच्या बायकोला काकू. तेच पक्कं झालं.

मी शिकले पशुवैद्यक, विदर्भात. मग इथे अमेरिकेत येऊन जनावरांच्या आनुवंशिकीत पीएच.डी. केली आणि एका छोट्या कंपनीत लागले. कुठल्या वळूची वासरं जन्मताना किती वजनाची निघतील, किती झपाट्यानं वाढतील, याचे अंदाज आम्ही आकड्यांवरून काढतो आणि कळपवाल्यांना सल्ला देतो. आमच्या कॉलनीत सगळे सॉफ्टवेअरमधले. पार्टीत कोणी विचारलं की मी म्हणते, "डेटामध्ये आहे." पुढचं सांगितलं की ताटावरची माणसं जरा थबकतात. आईला मात्र मी पहिल्याच वर्षी स्पष्ट सांगितलं होतं, ही गुरं कशासाठी असतात ते.  ती म्हणाली, "तुझं काम तुला ठाऊक. देवापुढे उभी राहून नको सांगूस म्हणजे झालं."

काकांनी मला बोलावलं होतं ते जात निवडायला. त्यांच्या वडिलांपासून कळपात काळ्या गाईला काळाच वळू लावत आलेले. गाई गुणी होत्या, वासरांना जिवापाड जपायच्या, पण वासरं आताशा हवी तशी भरत नव्हती. एकाच रक्ताचं तसंच होतं. दोन वेगळ्या जातींचे आईबाप असले की वासरू दोघांपेक्षाही काटक आणि जोमदार निघतं, हे आमच्या शास्त्रातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात खात्रीचं सत्य. प्रश्न इतकाच, की दुसरी जात कोणती?

त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून आम्ही दुपारभर बोललो. काकांच्या मनात हेरफर्ड होती, तांबडी, पांढऱ्या तोंडाची, कारण लहानपणी शेजाऱ्याकडे त्यांनी ती पाहिली होती. मी त्यांना ब्राह्मनचाही फोटो दाखवला. करडा रंग, मोठं वशिंड, लोंबते कान. आपल्याकडच्या गुरांचेच हे वंशज, उन्हाला दाद न देणारे. काकू फोटो हातात घेऊन म्हणाल्या, "किती देखणा आहे!" काका म्हणाले, "देखणा आहे, पण आमच्या थंडीत कुडकुडेल. आणि असे कान दिसले की बाजारात भाव पाडतात." ते खरंच होतं. शेवटी मी सुचवली ती शारोले. फ्रान्सकडची, दुधासारखी पांढरी, धिप्पाड जात. काळ्या गाईला पांढऱ्या वळूपासून जे वासरू होतं ते धुराच्या रंगाचं असतं, आणि असं वाढतं की बघत राहावं.

फक्त एक अट होती आणि ती मी तीनतीनदा सांगितली. पांढरा वळू मोठ्या, दोनचार वेतं झालेल्या गाईंनाच लावायचा. पहिलारू कालवडींना मात्र काळाच, लहान वासरं देणारा. कालवडीचा मागचा हाडांचा दरवाजा अजून अरुंद असतो. त्यातून धिप्पाड बापाचं वासरू यायला लागलं, तर दोघंही अडकतात.

"मध्ये दोन कुंपणं ठेवा," मी म्हटलं होतं. त्यांनी दोन कुंपणं ठेवली होती.

ही अट मी पुस्तकातून शिकले नव्हते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आमचं शिबिर एका खेड्यात होतं. सकाळी एक बाई धावत आली, तिची गाय अडली होती. लहानखुरी गावठी गाय, पहिलंच वेत, आणि पोटात परदेशी जातीच्या वळूचं वासरू. आमचे सर होते, सगळी औजारं होती. मला पुढे केलं, कारण माझा हात लहान. खांद्यापर्यंत हात आत घालून मी त्या वासराचं डोकं चाचपत होते, ते बोटाशी यायचं आणि निसटायचं. गाय आधी ओरडत होती, मग कण्हायला लागली, मग तेही थांबलं. हात आत असतानाच ती गेली हे मला कळलं, कारण हाताभोवतीची ती घट्ट पकड एकाएकी सैल झाली. कोणाचीच चूक नव्हती, सर म्हणाले. ती बाई गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली होती. मी त्यानंतर परीक्षेपुरता जनावराला हात लावला असेल तेवढाच. जनावराच्या अंगापासून लांब, आकड्यांत शिरले. आकडे कण्हत नाहीत.

आणि आता काका विचारत होते, काय होईल.

पहिला प्रश्न होता तो इंजेक्शनचा. तिथल्या पशुवैद्यांनी महिन्याभरानं सगळ्या कालवडींची सोनोग्राफी केली. बऱ्याचशा आधीच काळ्यापासून गाभण होत्या, त्यांची चिंता मिटली. उरल्या थोड्या, ज्यांचा गर्भ नेमका त्या वादळाच्या आठवड्यातला होता. त्यांत काळा किती आणि पांढरा किती, कोणालाच सांगता येईना. पशुवैद्य म्हणाले, इंजेक्शन देऊन, गर्भ पाडून, त्या मोकळ्या करता येतील. पण मग त्या वर्षभर रिकाम्या राहणार, आणि रिकामी कालवड काकांच्या धंद्यात ट्रकमध्ये चढते. परत येत नाही.

काकांनी मला फोन केला. "तू सांगशील तसं."

मी दोन दिवस आकडे काढत बसले. पांढरा वळू निवडताना आम्ही मुद्दाम जन्माच्या वजनाला मध्यम असलेला घेतला होता, त्याचा आता आधार वाटत होता. कालवडींची मापं होती, त्या चांगल्या भरलेल्या होत्या. सगळं मांडल्यावर असं दिसत होतं, की बहुतेक जणी निभावतील. बहुतेक. हा शब्द मी दिवसातून किती वेळा लिहिते! त्या दोन दिवसांत तो मला पहिल्यांदाच भीतिदायक वाटला. कारण आकडा सगळ्यांबद्दल बोलतो. एकटी एक कालवड कुंपणाशी आडवी पडून वेणा देत असते, तिच्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

"इंजेक्शन नको," मी काकांना म्हटलं. म्हणताना आवाज सरळ ठेवला.

"मला पण तसंच वाटत होतं," ते म्हणाले. पलीकडून काकूंचा आवाज आला, "थँक गॉड!"

त्या दिवसापासून माझी झोप गेली, असं म्हटलं तर खोटं ठरेल. झोप लागायची. पण सकाळी डोळे उघडले की आधी ती आठवण यायची, मग आजचा वार. ऑफिसात स्क्रीनवर कुठलाही कळप असो, मी मनात त्या कालवडी मोजत असे. नवरा समजावायचा. "अगं, तू ॲडव्हाइस दिलास, डिसिजन त्यांचं. जगात रोज किती गाई वितात यार!" त्याचं बरोबरच होतं. पण त्यानं कधी त्या घट्ट पकडीत हात घातला नव्हता.

हिवाळ्यात काकूंचे फोन वाढले. जूनमध्ये हॉस्पिटलात काकांच्या हृदयाची झडप बदलली होती आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, जोर करायचा नाही, काही ओढायचं नाही. आणि अडलेलं वासरू म्हणजे तर नुसती ओढाओढ. काकू काकांना ऐकू जाऊ नये म्हणून गाडीत बसून बोलायच्या.

"कालवडींचा खुराक कमी केला तर वासरं लहान राहतील का? कोणीतरी सांगितलं."

"नाही काकू." मी त्यांना खरोखरच काकू म्हणायचे, त्यांना तो शब्द आवडला होता. "वासरू वाढायचं तेवढं वाढतंच. आई मात्र अशक्त होते, आणि मग तिला कळा देण्याचं बळ राहत नाही. पोटभर घाला."

"तो थांबणार नाही, डॉक. कालवड अडली की तो दोर हातात घेणारच. मी त्याला ओळखते. मला कालवडीचं भय नाहीये, त्याचं आहे."

म्हणजे आता माझ्या त्या 'नको'ला एका माणसाचा जीवही बांधलेला होता.

फेब्रुवारीत आधीच्या गाभण कालवडी विऊ लागल्या. काका फोटो पाठवायचे. काळं वासरू, काळं वासरू, पुन्हा काळं. चिखलात उभं, कान टवकारलेलं, आई चाटतेय. प्रत्येक फोटोनं मला हायसं वाटायला हवं होतं. पण ही तर ठरलेली, सुरक्षित वासरं होती. ती संपत आली तशी मला जास्तच धास्ती वाटू लागली, कारण त्यांच्यामागे रांगेत त्या संशयितच उरत होत्या.

मार्च अर्धा उलटला आणि फोटो थांबले.

मग एका सकाळी फोन. मी मीटिंगमध्ये होते, तशीच उठून बाहेर आले. काका म्हणाले, "पहिलं धुरकट आलं."

"आणि?"

"मेलेलं. पहाटे कधीतरी व्याली असेल. मी गेलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. जीभ सुजलेली. फार वेळ अडकलं असणार. कालवड बरी आहे. उभी आहे. शोधतेय."

मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी राहिले. दुःख नंतर झालं. त्या क्षणी फक्त भीती होती, आणि तिला आता एक रंग आला होता. "किती राहिल्यात?" मी विचारलं, जरी मला आकडा पाठ होता.

शनिवारी सकाळी मी गाडी काढली. नवऱ्याला डेडलाइन होती. "एकटी ड्राइव्ह करणार एवढं? आणि जाऊन तू करणार काय? तुझ्याकडे तर इथलं व्हेटचं लायसन्स पण नाहीये." हे त्यानं सहज म्हटलं, पण तेच माझ्याही मनात सलत होतं. इथे मी पशुवैद्य नाही. शेजारीपाजारी जशी मदत करतात तेवढीच मला करता येते. "काकूंना सोबत होईल," मी म्हटलं. वाटेत पाऊस लागला, गारठ्याचा, बारीक. वाटभर मी देवाला एकच सांगत होते, मी असेपर्यंत कोणी विऊ नये.

पोहोचले तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या, अंगात काकांचा रेनकोट. "बरी आलीस," त्या म्हणाल्या, "एक सकाळपासून शेपटी वर करून फिरतेय."

ती कालवड कळपातली सगळ्यात लहान होती. काकांनी तिला गोठ्यात आणून ठेवलं होतं. गोठ्यात वाळल्या गवताचा आणि ओल्या केसांचा वास होता. ती उभी राहायची, पाठ कमानीसारखी करायची, पुन्हा बसायची. आम्ही लांबून पाहत राहिलो. जरा वेळानं दोन खूर बाहेर दिसले. पुढच्या पायांचे होते, तळवे खाली, म्हणजे वासरू सरळ येत होतं. पण ते खूर! एवढे रुंद खूर मी कधी पाहिले नव्हते. आणि मांडीच्या फटीतून दिसत होते त्या पायांवरचे केस काळे नव्हते. चुलीच्या धुरानं काळवंडलेल्या भिंतीचा असतो तसा रंग.

"नाक दिसायला हवं होतं," काका म्हणाले.

मला ते त्यांच्या आधी कळलं होतं. पाय आले आणि त्यांच्यावर टेकलेलं नाक आलं नाही, म्हणजे डोकं मागे वळलेलं. काकूंनी पशुवैद्यांना फोन लावला. ते डोंगरापलीकडे एका घोडीजवळ अडकले होते. येईन म्हणाले, पण वेळ लागेल. मग त्यांनी विचारलं, "तिथे अजून कोण आहे?" काकूंनी फोन स्पीकरवर टाकला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी सांगितलं कोण ते.

"तुझा हात केवढा आहे?" त्यांनी विचारलं.

मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. मी तळहात उघडून पाहिला. मी म्हटलं, "लहान आहे."

"मग वाट बघू नकोस. डोकं सरळ करून बघ. आत जागा आहे असं वाटलं तर सावकाश ओढा. नाही वाटलं तर हात लावू नका, मी येतोय, पोट फाडून काढू."

काका बाह्या वर करायला लागले. काकू त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. एवढीशी बाई, पण गोठ्याच्या दारासारखी आडवी. "तू बाहेर जाऊन गरम पाणी आण."

"दोघींच्यानं ओढवणार नाही."

"तू दोराला हात लावलास, तर मी पाहिजे तर कालवडीला मरू देईन, पण इथून तुला घेऊन जाईन."

काका पाणी आणायला गेले.

कालवडीचं डोकं खोड्यात अडकवलं. मी स्वेटर काढला, हात साबणानं धुतले, कोपराच्या वरपर्यंत बुळबुळीत वंगण लावलं आणि हात आत घातला.

पहिली गोष्ट कळली ती ती पकड. तीच. इतक्या वर्षांनी, जगाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या जातीच्या गाईत, अगदी तीच. हातावर चहूबाजूंनी दाब येतो, हाडं एकमेकांत घुसतील असं वाटतं, मग कळ ओसरते आणि थोडी फट मिळते. मी डोळे मिटले. डोळे उघडे ठेवले असते तर मी हात काढून घेतला असता. पाय, गुडघा, छाती. मान डावीकडे वळलेली. मानेच्या कडेनं बोटं सरकवत गेले. कान लागला. मग डोळ्याची खोबण. कळ आली, बोटं बधिर झाली. मी थांबले. काकू माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. कोणास ठाऊक का, त्या हातानंच मला धीर आला.

मी बोट वासराच्या तोंडात घातलं. जीभ हलली. चोखलं त्यानं.

"जिवंत आहे," मी मराठीतच ओरडले. मग इंग्रजीत.

जिवंत आहे हे कळल्यावर भीती कमी व्हायला हवी. ती दुप्पट झाली. मेलेल्याचं काही बिघडवता येत नाही. कळ ओसरताच मी त्याची छाती मागे लोटली आणि तोच हात जबड्याखाली धरला, त्याचे दात आईला आतून लागू नयेत म्हणून. निसटलं. पुन्हा. पुन्हा निसटलं. तिसऱ्यांदा कळ ओसरत असताना डोकं माझ्या तळव्यात भरलं आणि दार उघडावं तसं वळून समोर आलं. नाक पायांवर टेकलं.

आता जागा आहे का? कपाळ आणि वरचं हाड यांच्यामध्ये बोटं सरकवून पाहिली. सरकत होती. जेमतेम. फोनवर पशुवैद्यांना सांगितलं. ते म्हणाले, "ओढा. कळ येईल तेव्हाच. एकदा हा पाय, एकदा तो."

पायांना साखळ्या बांधल्या. एक मी धरली, एक काकूंनी. कळ आली की त्या, पुढच्या कळेला मी. नाक आलं, निळसर. कपाळ आलं. खांद्यांपाशी सगळं अडलं आणि कालवड असं काही ओरडली की काका दारातून आत आले. काकूंनी मागे न बघता सांगितलं, "तिथंच थांब." ते थांबले. बादली हातात तशीच होती, पाणी डुचमळून त्यांच्या बुटांवर सांडत होतं. त्यांचा चेहरा मी एकदाच पाहिला. माझ्यापेक्षाही भेदरलेला होता.

कालवड आडवी झाली. खोडा सोडला. खांदे निसटले, छाती आली, आणि मग कमरेशी पुन्हा घट्ट. आता वासराची नाळ आत दाबली गेलेली, श्वास अजून सुरू नाही, वेळ नाही. काय करायचं ते हातांना आठवलं. वासराला थोडं पिळायचं, कमरेचा रुंद भाग दाराच्या रुंद बाजूला आणायचा. "काकू, त्याला फिरवा! माझ्याकडे!" आम्ही दोघी चिखलात बसून त्याला फिरवत होतो, आणि ते एकदम आलं, गरम पाण्याच्या लोंढ्यासकट, आमच्या मांड्यांवर.

ते हलेना. मी नाकातोंडातला चिकटा काढला, गवताची काडी नाकपुडीत खुपसली. काहीच नाही. काकू पोत्यानं त्याच्या बरगड्या घासत होत्या आणि "कम ऑन, कम ऑन" म्हणत होत्या. पुन्हा काडी. ते शिंकलं. डोकं झटकलं आणि कान फडफडले, ओले, धुरकट.

मग मी रडले. पण काम संपलं नव्हतं.

वासरू गुडघ्यांवर यायला लागलं, आणि आई उठेना. वासरू मोठं असलं की बाहेर येताना आईच्या मांडीची नस दबते, पाय बधिर होतात. कधी तासाभरात सुटतात, कधी सुटतच नाहीत. पशुवैद्य संध्याकाळ व्हायच्या आत आले, इंजेक्शनं दिली, सगळं तपासलं. माझ्या कामाबद्दल काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "उद्यापर्यंत बघू." आम्ही तिचं दूध पिळून वासराला पाजलं. तो घट्ट पिवळा चीक बाटलीत भरताना आईच्या हातचा खरवस आठवला. भूक मात्र मेली होती.

रविवारी मला परत जायचं होतं, मी गेले नाही. दर थोड्या वेळानं आम्ही दोघी मिळून तिची कूस बदलत होतो. काका तिच्या डोक्याशी बसून तिच्याशी बोलत होते. ती पुढचे पाय रोवायची, धडपडायची, मागचा भाग दगडासारखा. प्रत्येक वेळी मला वाटायचं, ही शेवटची धडपड. 'इंजेक्शन नको' हे माझेच शब्द गोठ्यात कोणीतरी मला ऐकवतंय असं वाटत होतं. काकांनी तसं एकदाही म्हटलं नाही. त्यांनी म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी मी स्वयंपाकघरात कॉफी ओतत होते. काकू धावत आल्या, त्यांना दम लागला होता, बोलता येईना. मी वाईटच समजले. कप सिंकमध्ये टाकून पळाले. कालवड उभी होती. मागचे पाय फाकलेले, गुडघ्यात लटपटणारे, पण उभी, आणि धुरकट वासरू तिच्या कासेला डोकं मारत होतं. तिनं मला पाहिलं आणि फुत्कारून डोकं खाली केलं. वासराची आई झाली होती ती. मी दोन पावलं मागे सरकले.

उरलेल्यांपैकी दोघींना काळी वासरं झाली. एकीला धुरकट झालं, आपणहून, दुपारी, काका कुंपणापलीकडे सँडविच खात असताना. एकीचं पोट फाडावं लागलं, पण दोघं जगली. ते मेलेलं पहिलं, तेवढं एकच गेलं. तरी त्याची आई काही दिवस त्या कोपऱ्यात जाऊन हुंकारत असे, असं काकूंनी सांगितलं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर काकांचा पुन्हा फोन आला. पांढरा वळू त्यांनी ठेवला होता, मोठ्या गाईंची धुरकट वासरं डोळ्यांत भरत होती. पण काळ्याचा पाय काही सुधारला नाही, तेव्हा कालवडींसाठी नवा वळू हवा होता. "कोणता घेऊ?" म्हणाले.  मी म्हटलं, "काका, मला सांगायची भीती वाटते."

"मला विचारायची वाटते," ते म्हणाले. "तरी कोणता?"

मी सांगितला. तांबडा हेरफर्ड, लहान चणीचा, जन्माचं वजन हलकं असणारा. त्यांना आतून हवा होता तोच. ते खुशीत आले. लिलावाला मला आणि काकूंना बरोबर घेऊन गेले. कठड्याशी आम्ही उभ्या होतो. पहिलाच वळू रिंगणात आला, धूळ उडवत आमच्याच बाजूला धावला आणि लोखंडी नळ्यांवर आदळला. मी काकूंच्या मागे लपले. बघते तर त्यांनीही डोळे मिटले होते. काका मात्र पुढे वाकून त्याचं डोकं, खांदे, मागचे पाय निरखत होते, आणि नकारार्थी मान हलवत पुढचा कोणता येतो याची वाट बघत होते.